फुलवेडा प्रवासी

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, जेथे जमीन रेताड व निकस असते, तेथे एक चिवट वनस्पती वाढते. कोठे ती झुडपाएवढीच राहते, तर कोठे लहानशा वृक्षाएवढी होते. तिचे खोड खडबडीत आणि गाठाळ असते. पाने जाड असून त्यांच्या कडांना करवतीसारखे दाते असतात. अशा या ओबडधोबड झाडाला बहर आला, म्हणजे त्याच्या फांद्यांवर जणू मक्याची कणसेच उभी राहिली आहेत असे वाटते. एकेका कणसात शेकडो, कधी हजाराहूनही अधिक चिमुकली फुले दाटीवाटीने बसलेली असतात, आणि त्यांतून गोड मधुरस पाझरत असतो. दिवसा मधुरस चाखणारे पक्षी आणि रात्री चिचुंद्रीएवढे चिमुकले प्राणी या मेजवानीला येतात. त्या भूमीचे मूळ रहिवासीही हा रस चोखून खात, किंवा कणसे पाण्यात भिजवून त्याचे गोड पेय तयार करीत. सिडनीच्या परिसरातील गॅडिगल लोक या झाडाला विरियागन म्हणत. जगाच्या वनस्पतिशास्त्रात मात्र त्याच्या प्रजातीचे नाव बँक्सिया असे आहे. हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते जोसेफ बँक्स हे त्या किनाऱ्यापासून हजारो कोस दूर असलेल्या इंग्लंड देशाचे रहिवासी होते.

जोसेफ बँक्स यांचा जन्म इ. स. १७४३ च्या फेब्रुवारी महिन्यात लंडन शहरी झाला. त्यांचे वडील विल्यम बँक्स हे लिंकनशर परगण्यातील मोठे जमीनदार होते. घरी कशाचीच वानवा नव्हती. मुलाने चांगले शिकावे म्हणून वडिलांनी त्याला नवव्या वर्षी हॅरो येथील व तेराव्या वर्षी ईटन येथील नामांकित शाळेत घातले. त्या काळी अशा शाळांतून मुख्यतः लॅटिन आणि ग्रीक या भाषा शिकवीत. जोसेफचे मन त्यांत रमेना. तो हसतमुख होता, अंगाने धट्टाकट्टा होता, खेळात पुढे होता. अभ्यासात मात्र त्याची गती यथातथाच होती.

जोसेफ चौदा वर्षांचा असतानाची गोष्ट. उन्हाळ्यातील एका संध्याकाळी तो सोबत्यांबरोबर नदीवर पोहावयास गेला होता. पाण्यातून बाहेर येण्यास त्याला उशीर झाला आणि बाकीची मुले पुढे निघून गेली. तो एकटाच परत निघाला. वाटेच्या दोन्ही बाजूंना रानफुले फुलली होती. ती वाट त्याच्या रोजच्या पायाखालची. परंतु त्या दिवशी प्रथमच त्याने ती फुले डोळे भरून पाहिली. लॅटिन आणि ग्रीक शिकण्यापेक्षा या फुलांची ओळख करून घेणे अधिक स्वाभाविक आहे, असे त्याच्या मनाने घेतले.

पण ही विद्या शिकवणार कोण? शाळेत तसा शिक्षक नव्हता. तेव्हा औषध विकणाऱ्यांसाठी रानोमाळ जडीबुटी गोळा करणाऱ्या गरीब स्त्रियांना त्याने आपले गुरू केले. त्यांनी आणून दाखविलेल्या व माहिती सांगितलेल्या प्रत्येक वनस्पतीसाठी तो त्यांना सहा पेन्स देई. पुढे सुटीत घरी गेला असता, आईच्या खोलीत त्याला जेरार्ड नावाच्या जुन्या ग्रंथकाराचे वनस्पतींवरील एक जाडजूड, जीर्ण पुस्तक सापडले. त्याने ओळखलेल्या कितीतरी वनस्पतींची चित्रे त्यात होती! जोसेफने ते पुस्तक मोठ्या आनंदाने शाळेत नेले. जो मुलगा पुस्तकाकडे ढुंकूनही पाहत नसे, तोच आता तासन् तास वाचीत बसू लागला.

इ. स. १७६० मध्ये तो ऑक्सफर्ड विद्यापीठात दाखल झाला. तेथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते खरे. परंतु ते व्याख्याने देत नसत. जोसेफ स्वस्थ बसला नाही. त्याने केंब्रिजला जाऊन इझ्रायल लायन्स नावाचा एक तरुण अध्यापक शोधून काढला, त्याला वेतन देऊ केले व ऑक्सफर्डला आणून त्याची व्याख्याने करविली. दरम्यान १७६१ साली वडील वारले आणि सज्ञान होताच प्रचंड संपत्ती जोसेफच्या हाती आली. एकवीस वर्षांच्या श्रीमंत तरुणाने पैसा कसा उधळावा, याचे धडे देणारे लंडनमध्ये पुष्कळ होते. बँक्स यांनी आपला पैसा वनस्पतींवर खर्च करावयाचे ठरविले. १७६६ साली ते न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर या उत्तर अमेरिकेतील थंड, खडकाळ प्रदेशांत जाऊन आले आणि तेथील वनस्पतींचा संग्रह त्यांनी आणला. त्याच वर्षी रॉयल सोसायटी या विद्वानांच्या संस्थेने त्यांना आपले सदस्य करून घेतले.

पुढे दोनच वर्षांनी त्यांच्या आयुष्यातील मोठी संधी चालून आली. ३ जून १७६९ रोजी शुक्राचा ग्रह सूर्यबिंबावरून सरकत जाताना दिसणार होता. या अधिक्रमणाची नोंद घेण्यासाठी रॉयल सोसायटी व इंग्लंडचे आरमार यांनी दक्षिण समुद्रातील ताहिती बेटाकडे एक जहाज पाठविण्याचे योजिले. जहाजाचे नाव एन्डेव्हर आणि त्याचे कप्तान जेम्स कुक. जहाज पूर्वी कोळसा वाहण्याच्या कामी असे. लांबी सुमारे तीस मीटर, आणि त्यात नव्वदांहून अधिक माणसे! अशा त्या गर्दीत बँक्स यांनी स्वतःच्या खर्चाने आपला परिवार सोबत घेतला. स्वीडनचे थोर शास्त्रज्ञ लिनीअस यांचे शिष्य डॅनियल सोलँडर, सिडनी पार्किन्सन व अलेक्झांडर ब्यूकन हे दोन चित्रकार, लेखनिक स्पोरिंग आणि चार सेवक असे हे आठ जण होते. याखेरीज दोन शिकारी कुत्रे, पुस्तके, जाळी, बरण्या आणि वनस्पती वाळविण्याच्या कागदाचे गठ्ठे होते ते वेगळेच. १७६८ च्या ऑगस्टमध्ये प्लिमथ बंदरातून जहाजाने शिडे उभारली.

दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाशी टिएरा डेल फ्यूगो नावाचा प्रदेश आहे. १७६९ च्या जानेवारीत तेथील डोंगरावर वनस्पती गोळा करण्यास हे लोक चढले. तेथे तो उन्हाळ्याचा काळ. तरीही एकाएकी बर्फ पडू लागले आणि परतीची वाट दुरावली. थंडीने माणसांना ग्लानी येऊ लागली. सोलँडर वाटेतच झोपू पाहत होते. बँक्स यांनी त्यांना हलवून हलवून चालविले. त्या रात्री टॉमस रिचमंड व जॉर्ज डॉर्ल्टन हे बँक्स यांचे दोन सेवक गारठून मरण पावले. ज्या फुलांसाठी हे सर्व डोंगर चढून गेले होते, त्यांची अशी जबर किंमत त्या दोन सेवकांना द्यावी लागली.

ताहितीला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत ब्यूकन वारले, आणि चित्रांचा सारा भार पार्किन्सन या तरुणावर पडला. अधिक्रमणाची नोंद ठरल्याप्रमाणे झाली. जहाज तेथून निघाले तेव्हा तुपाया नावाचा विद्वान पुरोहित त्यात होता. आजूबाजूच्या बेटांची व समुद्राची त्याची माहिती अद्भुत होती. न्यूझीलंडच्या किनाऱ्यांची पाहणी करून एन्डेव्हर पश्चिमेस वळले, आणि १७७० च्या एप्रिलअखेर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील एका विस्तीर्ण, उथळ उपसागरात त्याने नांगर टाकला. त्या जागेचे मूळ नाव कामाय. तेथे ग्वेगल लोकांची वस्ती होती.

होड्या किनाऱ्याकडे येताना पाहून दोन ग्वेगल पुरुष भाले घेऊन पुढे आले. होड्यांत तीस-चाळीस माणसे होती. तरी ते दोघे मागे हटेनात. तुपायाने बोलून पाहिले. परंतु त्याची भाषा त्यांना समजली नाही. शेवटी कुक यांनी छऱ्यांची बंदूक झाडली. एकाच्या पायाला जखम झाली, तेव्हा ते दोघे रानात निघून गेले. किनाऱ्यावरील झोपडीत लहान मुले लपलेली होती. पाहुण्यांनी त्यांच्यासाठी मण्यांच्या माळा ठेवल्या, आणि जाताना आसपास सापडलेले चाळीस-पन्नास भाले उचलून नेले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो मणी जागच्या जागीच पडलेले! परक्यांच्या त्या देणगीला कोणी हातही लावला नव्हता. नेलेल्या भाल्यांपैकी चार भाले केंब्रिज येथे जपून ठेवण्यात आले होते; ते २०२४ साली त्या लोकांच्या वंशजांना परत देण्यात आले.

येथे बँक्स व सोलँडर यांना वनस्पतींचे भांडारच गवसले. पाहावे ते झाड नवे, तोडावे ते फूल अनोळखी. आठवडाभर ते सकाळी किनाऱ्यावर उतरत आणि ओझी घेऊन जहाजावर परतत. वनस्पती टिकविण्याची रीत अशी असते : फुलापानांसह फांदी कागदाच्या दोन घड्यांमध्ये दाबून ठेवतात, कागद ओलावा शोषून घेतो, तो ओला झाला, की बदलावा लागतो. तसे न केल्यास बुरशी येऊन सगळे कुजते. संग्रह इतका वाढला, की एके दिवशी बँक्स यांनी सर्व कागद व वनस्पती किनाऱ्यावर नेल्या, वाळूवर जहाजाचे एक शीड अंथरले आणि त्यावर ती संपत्ती पसरून दिवसभर उन्हात उलटपालट करीत ते बसले. ज्याच्या घरी नोकरांची रीघ, तो धनिक तरुण शेतकऱ्याने खळ्यावर धान्य राखावे तसा आपली पाने राखीत होता. कागदांपैकी काही तर छापील होते. मिल्टन या इंग्रज महाकवीच्या काव्यावरील टीकेची न बांधलेली पाने बँक्स यांनी यासाठी बरोबर घेतली होती. ती वाचली किती गेली कोण जाणे. पण वनस्पती वाळविण्याच्या कामी मात्र ती उत्तम आली.

याच संग्रहात करवती पानांच्या त्या कणीसवाल्या झाडाची फांदी होती. पार्किन्सन ओल्या फडक्यांत ताज्या ठेवलेल्या फांद्या समोर घेई, भराभर रेखाटन करी, एखाद्या पाना-फुलात रंग भरून ठेवी आणि बाकीचे रंग शब्दांत टिपून ठेवी. चौदा दिवसांत त्याने अशी ९४ रेखाटने केली! कुक यांनी त्या जागेस बॉटनी बे, म्हणजे वनस्पतिशास्त्राचा उपसागर, असे नाव दिले.

पुढे ११ जून १७७० च्या रात्री जहाज प्रवाळाच्या खडकावर आदळून अडकले. तोफा व इतर जड सामान समुद्रात फेकून जहाज कसेबसे सोडविले व एका नदीच्या मुखाशी किनाऱ्यास लावले. दुरुस्तीस सुमारे सात आठवडे लागले. जहाज कलते करताच बिस्किटांच्या कोठीत सुरक्षित म्हणून ठेवलेल्या वनस्पती पाण्याखाली गेल्या. पुष्कळशा वाचल्या, काही मात्र कायमच्या नष्ट झाल्या. त्याच नदीकाठी बँक्सियाची आणखी एक जात आणि कांगारू हा नवलाचा प्राणी त्यांना आढळला. कांगारू हे नावही तेथील गुगू यिमिथिर लोकांच्या भाषेतूनच आले आहे.

खरा घाला पुढे बटाव्हिया बंदरात पडला. आज या शहराला जकार्ता म्हणतात. तेथील हिवताप आणि अतिसार यांनी जहाजावर मृत्यूचे थैमान मांडले. तुपाया वारला. बँक्स व सोलँडर मरता मरता वाचले. बंदर सोडल्यावर १७७१ च्या जानेवारीत स्पोरिंग आणि त्याच्या पाठोपाठ पार्किन्सन यांना समुद्रातच मूठमाती द्यावी लागली. पार्किन्सनच्या वयाला जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती, आणि हजाराच्या घरात जाणारी चित्रे तो मागे ठेवून गेला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये एन्डेव्हर इंग्लंडला पोहोचले, तेव्हा बँक्स यांच्या नऊ जणांपैकी स्वतः ते, सोलँडर आणि दोन सेवक एवढेच उरले होते. सोबत तीस हजारांच्या आसपास वाळविलेले नमुने होते. त्यांतील सुमारे १,४०० जाती शास्त्राला नवीन होत्या.

लंडनने बँक्स यांना डोक्यावर घेतले. या गौरवाने त्यांना थोडा अहंकारही चढला, हे नाकारता येत नाही. कुक यांच्या दुसऱ्या सफरीच्या वेळी आपल्या मोठ्या परिवारासाठी त्यांनी जहाजावर एक जादा मजला चढविण्यास लावले. जहाज वरून जड झाले, कलंडू लागले. म्हणून आरमाराने तो मजला काढून टाकला. बँक्स रागावले, सफरीतून बाहेर पडले आणि १७७२ साली त्याऐवजी आइसलंडला जाऊन आले. त्यानंतर त्यांनी दूरचा प्रवास केला नाही.

आता त्यांच्या मनात एकच मोठे काम होते. पार्किन्सनची चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून, सोलँडर यांनी लिहिलेल्या वर्णनांसह, एक भव्य ग्रंथ काढावयाचा. अठरा कारागीर वर्षानुवर्षे राबले आणि ७४३ पत्रे कोरून तयार झाले. परंतु १७८२ साली सोलँडर अकस्मात वारले. आपला जिवलग सहकारी गेला आणि कामातील त्यांचे मन उडाले. शिवाय इतर व्याप वाढतच होते. १७८४ नंतर ते काम थांबले ते थांबलेच. दरम्यान लिनीअस यांच्या मुलाने १७८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात करवती पानांच्या त्या झाडाला व त्याच्या तीन भावंडांना बँक्सिया हे नाव दिले होते. संशोधकाचे नाव असे जगभर झाले; त्याचे स्वतःचे पुस्तक मात्र कपाटातच राहिले.

१७७८ साली बँक्स रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ते पद त्यांच्याकडे राहिले. सोहो चौकातील त्यांच्या घरी ग्रंथालय व वनस्पतिसंग्रह होता. तेथे कोणाही अभ्यासकास मुक्तद्वार असे. मग तो स्वदेशी असो की परदेशी. राजाच्या क्यू येथील उद्यानासाठी त्यांनी देशोदेशी संग्राहक पाठविले. भारताशीही त्यांचा संबंध आला. कलकत्त्याजवळ १७८७ साली स्थापन झालेल्या वनस्पती उद्यानाला त्यांचे पाठबळ लाभले. भारतात चहाची लागवड करावी असे त्यांनी १७८८ सालीच ईस्ट इंडिया कंपनीला सुचविले. आणि विल्यम रॉक्सबर्ग यांचा कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचा सचित्र ग्रंथ त्यांच्याच देखरेखीखाली निघाला. त्यातील चित्रांचे मूळ काम भारतीय चित्रकारांचे होते. दुसऱ्याचा ग्रंथ सिद्धीस नेणाऱ्या या माणसाला स्वतःचा ग्रंथ तेवढा पुरा करता आला नाही.

त्यांच्या थोरवीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लाबियार्दिएर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाकडील सफरीत जमविलेला वनस्पतिसंग्रह युद्धाच्या धामधुमीत इंग्रजांच्या हाती पडला. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे तेव्हा उघड वैर होते. संग्रहात कितीतरी नव्या जाती होत्या. बँक्स यांनी त्या ठेवून घेतल्या असत्या, तर त्यांना विचारणारे कोणी नव्हते. परंतु त्यांनी सरकारपाशी रदबदली केली आणि १७९६ साली तो संग्रह एक पानही न काढता फ्रान्सला परत धाडला. प्रवासाचे कष्ट सोसून दुसऱ्याने मिळविलेल्या ज्ञानाचे श्रेय आपण लाटू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. स्वतः पाने राखीत दिवसभर उन्हात बसलेल्या माणसाला त्या कष्टांचे मोल कळत होते.

परंतु माणसांच्या बाबतीत त्यांची नजर नेहमीच एवढी न्यायी राहिली असे म्हणता येत नाही. इंग्लंडमधील तुरुंग भरून वाहत होते. कैद्यांना कोठे पाठवावे, याचा विचार करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे १७७९ साली बँक्स यांनी बॉटनी बेचे नाव सुचविले. तेथील जमीन चांगली आहे आणि रहिवासी थोडे असल्याने विरोध होणार नाही, असे त्यांनी सांगितले. आठवडाभराच्या मुक्कामात त्यांनी झाडे बारकाईने पाहिली. त्या भूमीच्या धन्यांना मात्र तितके पाहिले नाही. वस्तुतः दोनच माणसे भाले घेऊन तीस-चाळिसांसमोर उभी राहिलेली त्यांनी प्रत्यक्ष पाहिली होती! १७८८ च्या जानेवारीत अकरा जहाजांचा तांडा बॉटनी बेमध्ये आला. गोड्या पाण्याची टंचाई पाहून तो जवळच्या दुसऱ्या बंदराकडे वळला आणि तेथे सिडनी शहराचा पाया पडला. पुढच्याच वर्षी देवीच्या साथीने त्या परिसरातील असंख्य मूळ रहिवासी मृत्युमुखी पडले. उरलेल्यांच्या जमिनी हळूहळू हिरावल्या गेल्या.

उतारवयात वातविकाराने बँक्स यांचे पाय निकामी झाले. एके काळी बर्फातून सोबत्यांना ओढीत नेणारा हा माणूस आता चाकांच्या खुर्चीतून सोसायटीच्या सभेस येई. तरीही सभा चुकवीत नसे. १९ जून १८२० रोजी लंडनजवळच्या त्यांच्या घरी त्यांचे निधन झाले. आपले दफन अगदी साधेपणाने करावे आणि आपल्यासाठी स्मारक उभारू नये, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. त्याप्रमाणे हेस्टन येथील चर्चमध्ये त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांना मूलबाळ नव्हते. ग्रंथ व वनस्पतिसंग्रह त्यांनी आपले सहकारी रॉबर्ट ब्राउन यांच्या स्वाधीन केला, आणि १८२७ साली तो ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

तांब्याचे ते पत्रेही संग्रहालयात पडून होते. दीडशेहून अधिक वर्षे त्यांवरून रंगीत ग्रंथ कोणी छापला नाही. अखेर १९८० ते १९९० या दहा वर्षांत लंडनमध्ये शिल्लक राहिलेल्या ७३८ पत्र्यांवरून रंगीत चित्रे छापून काढण्यात आली. बॉटनी बेच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या बँक्सियाची करवती पाने आणि तिचे कणीस त्यांत आहे. रंग भरताना मुद्रकांनी आधार घेतला तो पार्किन्सनने जहाजावर घाईघाईने टिपून ठेवलेल्या नोंदींचा.